सोलापूरहून सर पास : दिवसांचा हिशेब

कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून जातो. भवानी पेठेतल्या घराघरांतून मंडळी निघतात आणि सुमारे 45 किलोमीटर चालून तुळजाभवानी आईच्या पायाशी पोहोचतात. त्यामुळे ‘आम्ही सपाटीवरची माणसं, आम्हाला हिमालय कसा झेपणार?’ हा प्रश्न मला पटत नाही. चालणं आपल्या अंगात आहे. सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी तर 2012 मध्ये एव्हरेस्ट गाठलं. अडचण पायांची नाही, हवेची आहे.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. कुलू जिल्ह्यातली सर पास ही खिंड सुमारे 4,200 मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण 21 टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. एका श्वासात छातीत येणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास वाढतो, लघवी जास्त होते, रक्त हळूहळू बदलतं. पण त्याला दिवस लागतात आणि रोजच्या व्यायामाने ते दिवस वाचत नाहीत. उलट तब्येतीने दणकट तरुण भरभर चढतो आणि आधी आजारी पडतो. म्हणून ट्रेक निवडताना सर्वांत आधी पाहायचं ते हे, की तो किती दिवसांत किती उंचीवर झोपवतो.

नियम सोपा आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला हरकत नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर 3,440 मीटरवरच्या नामचे बाजारला बहुतेक जण जादा मुक्काम करतात तो यासाठीच. यूथ हॉस्टेल्सच्या सर पास मोहिमेत कसोलच्या तळावर आधी सरावाचे दिवस असतात. ते टाळून ‘थेट वर’ नेणारं पॅकेज स्वस्त असलं तरी घेऊ नका. दोन दिवसांची रजा वाचवण्यासाठी जीव पणाला लावण्यात शहाणपण नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला चवडा जुळवत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. मग रात्र असो की पाऊस, सोबत घेऊन लगेच खाली उतरायचं. अॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. निघण्यापूर्वी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्त कमी असेल तर विरळ हवेत त्रास वाढतो.

कपड्यांच्या बाबतीत सोलापूरकराने सुताचा मोह सोडावा. आपल्या चादरी-टॉवेलांचं सूत घाम शोषतं आणि ओलंच राहतं. बर्फात ओलं कापड अंगाची ऊब खेचून घेतं. आत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बर्फाच्या चकाकीसाठी काळा चष्मा हवाच. सोलापूरचं एक मात्र जरूर न्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. अन्न नकोसं वाटतं तिथेही ती ओळखीची चव घशाखाली उतरते, टिकते आणि ताकद देते.

ट्रेक मेमध्ये धरला तर सरावाला दिवाळीपासून सहा महिने मिळतात. पाठीवर सॅक घेऊन रोज जिने चढा-उतरा. उतरणं चुकवू नका, हिमालयात गुडघे तिथेच बोलतात. महिन्यातून एकदा तुळजापूरपर्यंत चालत जा आणि एप्रिलपूर्वी 1,646 मीटरचं कळसूबाई करून या.

दिल्लीला जायला सोलापुरातूनच कर्नाटक एक्सप्रेस मिळते. पुढे कुलूकडे रात्रीची बस. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं, म्हणजे मेच्या सुरुवातीचं तिकीट मार्चच्या सुरुवातीला. ट्रेक संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका. मध्ये दोन दिवस मोकळे सोडा, म्हणजे खिंडीत हवामान बिघडलं तर गाडी चुकेल या धास्तीने कुणी घाईने चढणार नाही.