धोतऱ्याचं विष, धोतऱ्याचंच औषध

मुलांनो, श्रावणात महादेवाला धोतऱ्याची फुलं वाहता ना? त्याच्या काटेरी फळातलं चपटं बी मिरचीच्या बियांसारखं दिसतं. ते पोटात गेलं की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. पोर बरळू लागतं, आईलाही ओळखत नाही. लोक म्हणतात, भूत लागलं! भूत कसलं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणारा एक जासूद म्हणजे ॲसिटिलकोलिन. पुढच्या पेशीवर त्याच्यासाठी जणू पाट मांडलेला असतो. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन त्या पाटावर आधीच जाऊन बसतं. निरोप पोचणार कसा?

पिकांवरच्या काही कीटकनाशकांचं नेमकं उलटं. निरोप सांगून झाल्यावर जासुदाला हटवणारं एक विकर असतं, त्यालाच ती निकामी करतात. मग जासुदांची नुसती झुंबड! लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती कफाने भरते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळकडच्या शिवारांत फवारणीचं विष भिनून कितीतरी माणसं दवाखान्यात गेली, काही दगावली.

अशा विषबाधेत डॉक्टर इंजेक्शन कशाचं देतात, ठाऊक आहे? ॲट्रोपिनचं! छाती मोकळी होईपर्यंत, पुन्हा पुन्हा.

म्हणून घरी धोतरा वाटून पाजायचा का? छे! कुठल्या बीत विष किती, याचा नेम नसतो. इंजेक्शनात ते मोजलेलं असतं. कोणाला बाधा झालीच, तर दवाखान्यात जाताना ते बी किंवा फवारणीची बाटली बरोबर न्या. निम्मं डॉक्टरांना बाहुल्या पाहून कळतं, उरलेलं बाटलीवरच्या चिठ्ठीवरून.