ॲम्बॅसेडर, पद्मिनी आणि कार्बोरेटर: सात गैरसमज

भिलईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. टाउनशिपच्या सेक्टरांमधून त्या काळात ज्या गाड्या फिरू लागल्या, त्यांतल्या काही आजही गॅरेजात जपलेल्या दिसतात: उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, कुर्ल्याची फियाट म्हणजे पुढची पद्मिनी, महिंद्राची जीप. विदर्भातून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी घरांत अशी गाडी ‘बाबांची गाडी’ म्हणून ओळखली जाते, आणि ती विकायचा विषयही कोणी काढत नाही.

अशी गाडी पिकअप घेईनाशी झाली की सल्ले सुरू होतात. मोठा कार्बोरेटर लावा, दोन लावा, मॅनिफोल्ड पॉलिश करून घ्या. भिलई मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. एका टोकाला मुंबईचं ऑपेरा हाऊस, दुसऱ्या टोकाला कोलकात्याचा मल्लिक बाजार. जुने सुटे भाग दोन्हीकडून मागवता येतात. पण पैसे मोजण्याआधी यांतले कोणते सल्ले खरे आहेत हे तपासलं पाहिजे.

गैरसमज १: कार्बोरेटर जितका मोठा, तितकी ताकद जास्त.

वस्तुस्थिती: इंजिनाला किती हवा लागते हे साध्या गुणाकाराने काढता येतं. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन ५००० आरपीएमला मिनिटाला २५०० वेळा भरतं, म्हणजे कागदावर ३७२२ लिटर. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत. ८० टक्के धरलं तर उरतात सुमारे २९८० लिटर. परदेशी कॅटलॉगच्या भाषेत १०५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला ४८०० आरपीएमवर सुमारे २०९० लिटर, म्हणजे ७४ सीएफएम पुरतात.

अमेरिकन व्ही-८ साठी विकले जाणारे ६०० सीएफएमचे कार्बोरेटर या हिशेबात कुठेच बसत नाहीत. कार्बोरेटरचा गळा गरजेपेक्षा रुंद असला की त्यातून जाणारी हवा संथ होते, जेटमधून पेट्रोल ओढणारा ताण कमी पडतो आणि पेट्रोलचा बारीक फवारा न होता थेंब पडतात. भिलईत सुपेल्यापासून पॉवर हाऊसपर्यंतच्या रहदारीत गाडी बहुतेक वेळ १५०० ते २५०० आरपीएमवरच असते, आणि नेमकी तिथेच ती अडखळते. एसयू कार्बोरेटरमध्ये पिस्टन हवेच्या प्रमाणात वर-खाली होऊन गळा लहान-मोठा करतो, त्यामुळे तो थोडं जास्त सांभाळून घेतो. मात्र त्याची निमुळती सुई त्या इंजिनाचीच असावी लागते.

गैरसमज २: ॲम्बॅसेडरला दोन एसयू बसवले की ती एमजी होते.

वस्तुस्थिती: या समजाला एक खरा धागा आहे. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये ॲम्बॅसेडरच्याच घराण्यातलं, बीएमसी बी-सिरीजचं १४८९ सीसी इंजिन होतं. त्यावर दीड इंची दोन एसयू होते आणि ताकद सुरुवातीला ६८, लवकरच ७२ अश्वशक्ती झाली. ॲम्बॅसेडरची मजल पन्नास-पंचावन्नच्या आसपास.

हा फरक मात्र एकट्या कार्बोरेटरने पडलेला नाही. एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३ ला १ असं चढं होतं आणि हेड, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट हे सगळं जास्त आरपीएमसाठी जुळवलेलं होतं. बाकी इंजिन जसंच्या तसं ठेवून दोन कार्बोरेटर चढवले तर ताकद नाममात्र वाढते आणि दोघांचा मेळ राखायचं काम कायमचं मागे लागतं. हेड आणि कॅम बदलणार असाल तरच जोडीचा विचार करावा.

गैरसमज ३: मॅनिफोल्ड म्हणजे नुसती नळी, आतून आरशासारखी चकचकीत केली की झालं.

वस्तुस्थिती: बी-सिरीजच्या हेडमध्ये चार सिलिंडरांसाठी हवा घेणारी तोंडं दोनच आहेत. १ आणि २ चं एक, ३ आणि ४ चं दुसरं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एका तोंडावरचे दोन्ही सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि मग त्या तोंडाला मोठी विश्रांती मिळते. परिणामी शेजाऱ्या-शेजाऱ्यांना मिळणारं मिश्रण सारखं नसतं. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देणारा मॅनिफोल्ड या हेडवर बसवताच येत नाही, कारण तोंडंच दोन आहेत.

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधल्या हरिकेन इंजिनात तर निवडीला जागाच नाही. तिथे इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे.

पॉलिशचं म्हणाल तर आतला भाग किंचित खरखरीत असलेलाच बरा, कारण गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा ओघळ सहज जमतो. मॅनिफोल्डचं, गॅस्केटचं आणि हेडचं तोंड एकमेकांशी नीट जुळलं आहे का, आणि मॅनिफोल्डची बैठक सपाट आहे का, हे पाहणं जास्त मोलाचं. मॅनिफोल्ड वाकला असेल तर पॉलिशच्या पैशांत तो खरादीकडे नेऊन बैठक सपाट करून घ्यावी.

गैरसमज ४: मे महिन्यात गाडी बंद पडते, म्हणजे कार्बोरेटर गेला.

वस्तुस्थिती: भिलईचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणून कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी जवळ येतो. गाडी थांबवली की वारा बंद होतो, फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन सुरूच होत नाही. नाहीतर पंपात किंवा पाइपात वाफ अडकते. पंपावर ओलं फडकं ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती याच कारणाने चालते.

इथे नवा कार्बोरेटर घेऊन काहीच साधत नाही. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर, एक्झॉस्टवर पत्र्याची ढाल आणि पेट्रोलचा पाइप गरम भागापासून दूर, एवढे तीन उपाय करावेत.

गैरसमज ५: पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं तरी जुन्या कार्बोरेटरला फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणासाठी हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेला जेट हे इंधन सोडतो तेव्हा मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहाएक टक्के विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण सुमारे तीन टक्के आपोआप घट्ट होतं. पण ती भरपाई अपुरी आहे, आणि हिवाळ्यात तीही मिळत नाही. पातळ मिश्रणाने गाडी अडखळते, तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची शक्यता वाढते. म्हणून जेट एक पायरी मोठा किंवा सुई एक नंबर घट्ट घ्यावी, आणि प्लगचा रंग बघून खात्री करावी.

दुसरा धोका सामानाचा. जुनं रबर फुगतं, कॉर्कवरचा लाखेचा थर इथेनॉलमध्ये विरघळतो, आणि ओढून घेतलेल्या ओलाव्याने फ्लोटच्या भांड्यात गंज धरतो. पाइप, डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर भांडं रिकामं करून ठेवावं.

गैरसमज ६: एअर फिल्टर काढला की इंजिन मोकळं होतं.

वस्तुस्थिती: औद्योगिक गावातली धूळ सिलिंडर आणि रिंगा घासून टाकते. फिल्टर काढल्याने मिळतो तो आवाज. ताकदीतला फरक जाणवण्याइतका नसतो. स्वच्छ फिल्टर बसवा आणि मिक्श्चर फिल्टर लावूनच सेट करा.

गैरसमज ७: गाडी माझी, त्यामुळे काय बसवायचं तेही माझ्या मर्जीवर.

वस्तुस्थिती: निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करण्यास मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. गाडी पुढे या नोंदणीत न्यायची असेल तर मूळ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका.

मग निवड कशी करावी?

आधी कॉम्प्रेशन मोजा. टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग बघा. पंप पुरेसं पेट्रोल देतो का ते तपासा. मग हवेची गळती शोधा: मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल या तिच्या नेहमीच्या जागा. एसयू असेल तर त्याच्या पिस्टनवरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का ते पाहा. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी दचकते, आणि लोक त्यालाही कार्बोरेटर गेला म्हणतात. स्पिंडलला नवी बुश, नवा गॅस्केट किट आणि योग्य जेट एवढ्याने बहुतेक जुने कार्बोरेटर पुन्हा उभे राहतात.

एवढं करूनही नवा घ्यावाच लागला, तर मूळ घराण्याचा आणि मूळ मापाचाच घ्या. त्याहून मोठं माप घेण्याचं कारण तुमच्या इंजिनाच्या हेडमध्ये आणि कॅममध्ये असलं पाहिजे. तिथे ते नसेल, तर बाबांची गाडी ज्या मापावर इतकी वर्षं धावली तेच तिचं योग्य माप.