याच्याशी आमचा संबंध नाही

फेब्रुवारी २०११ मधली एक संध्याकाळ. अमेरिकेत सात वाजता गूगलवर ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ शोधलं, तर पहिलं नाव जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं येत होतं. दोन तासांनी तेच शब्द टाकले, तर पेनी एकाहत्तरावी. न्यूयॉर्क टाइम्सच्या चौकशीत पेनीकडे बोट दाखवणारी दोन हजारांवर पानं सापडली होती. ‘कॉकटेल ड्रेसेस’साठी पेनीची शिफारस करणाऱ्यांत बल्गेरियातली घरं विकणारी एक साइटसुद्धा होती! आम्ही हे करायला सांगितलं नव्हतं, असं म्हणून पेनीने आपल्या सल्लागार कंपनीला निरोप दिला.

या भानगडीचं मूळ गूगलच्या जन्मातच आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये रचलेल्या पेजरँकचं सूत्र असं, की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे शिफारस केली, आणि शिफारस करणारा वजनदार असेल तर तिचंही वजन जास्त. शिफारशीला किंमत आली की तिचा बाजार भरतोच. लिंका घाऊक भावात मिळू लागल्या.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने अशा लिंका हेरून साइटला खाली ढकलणारा ‘पेंग्विन’ हा प्रोग्रॅम सोडला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. शिवाय माणसांनी तपासून केलेली ‘मॅन्युअल ॲक्शन’ वेगळीच. तिची रीतसर नोटीस येते. ज्यांनी लिंका विकत घेतल्या ते अडकलेच, पण ज्यांच्या एजन्सीने परस्पर घेतल्या तेही अडकले. मग सुरू झाली पत्रापत्री: ‘कृपया आमची लिंक काढा.’ काही साइटवाले त्याचेही पैसे मागू लागले. लावायला पैसे, काढायलाही पैसे.

१६ ऑक्टोबर २०१२ रोजी गूगलच्या वेबस्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख मॅट कट्स यांनी यावरचं हत्यार जाहीर केलं: डिसअव्हाव. मराठी पेपर वाचणाऱ्याला ते चटकन कळेल. ‘सदर इसमाशी आमच्या फर्मचा काही संबंध राहिलेला नाही’ ही जाहीर नोटीस आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. ही नोटीस फक्त गूगलच्या नावाने द्यायची.

हत्यार म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीवर नको असलेली लिंक देणाऱ्या एका पानाचा पत्ता. अख्खी साइटच नाकारायची तर आधी ‘डोमेन’ हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखे दोन ठिपके, मग साइटचं नाव. हॅशने सुरू होणारी ओळ गूगल वाचत नाही. ती आपल्या टिपणासाठी. मर्यादा एक लाख ओळींची आणि दोन एमबींची. एक मेख मात्र आहे. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते. जुन्या यादीतले शंभर पत्ते विसरून कोणी दहाच नवे चढवले, तर त्या शंभरांशी संबंध पुन्हा जुळला!

खरी मेहनत फाइलच्या आधीची. साइटमालकांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमधून लिंकांची यादी उतरवायची, साइटवार लावायची आणि अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिलेली असते ते शब्द, वाचत बसायचं. माणसं लिंक देताना दुकानाचं नाव लिहितात, ‘इथे बघा’ म्हणतात, नुसता पत्ताही चिकटवतात. शेकडो अनोळखी साइटी एका सुरात ‘स्वस्त कर्ज’ म्हणू लागल्या, की समजायचं.

गाण्यांच्या शब्दांची साइट ‘रॅप जीनियस’ २०१३ च्या नाताळात लिंकांपायी पकडली गेली. जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या लिंका लावा, आम्ही तुमची प्रसिद्धी करू, असा तिचा ब्लॉगवाल्यांशी सौदा होता. शिक्षा झाल्यावर तिने पावणेदोन लाखांहून अधिक पत्ते गोळा केले, ते तपासायला प्रोग्रॅम लिहिला, साइटवाल्यांना गाठून लिंका काढवल्या आणि उरलेल्या नाकारल्या. दहा दिवसांत ती परतली. पेंग्विनखाली सापडलेल्यांना एवढं नशीब नव्हतं. त्याची पुढची फेरी येईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि २०१४ च्या ऑक्टोबरनंतरची फेरी आली थेट सप्टेंबर २०१६ मध्ये.

त्या फेरीपासून पेंग्विन सतत चालू असतो आणि साइटला खाली ढकलण्याऐवजी खोट्या लिंकांचं वजनच शून्य धरतो. त्यामुळे बहुतेकांना या फाइलची गरज नाही, असं गूगलच सांगतं. नोटीस आली असेल किंवा आपल्याच जुन्या उद्योगांमुळे येण्याची भीती असेल, तरच तिला हात लावावा. नाहीतर चांगल्या लिंकाही त्यात जायच्या. बिंगने तर आपलं असंच साधन २०२३ मध्ये बंद केलं.

तरी फाइल दिलेला प्रत्येक दुकानदार काही आठवड्यांनी विचारतोच, ‘मग आमचा पहिला नंबर परत कधी?’ तो नंबर त्या लिंकांनी आणलेला होता. त्यांच्याशी संबंध नाही म्हटलं, तेव्हा त्याच्याशीही नाहीच म्हटलं.