मंजूर पैसा कोणी अडवावा?

गावच्या विहिरीसाठी पंचांनी वर्गणी ठरवली, पैसाही जमला. आणि ज्याच्या हाती पेटीची किल्ली, तो म्हणाला, "मला ही विहीरच पसंत नाही, मी पैसा देणार नाही," तर चालेल का? हाच प्रश्न अमेरिकेत एका अणुभट्टीच्या निमित्ताने उभा राहिला.

तेथे खर्च मंजूर करण्याचा हक्क काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा. पैसा खर्च करायचा तो राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालील खात्यांनी. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मंजूर झालेल्या मोठाल्या रकमा अडवून धरल्या, तेव्हा काँग्रेसने १९७४ साली कायदाच केला. रक्कम रद्द करायची असेल, तर राष्ट्राध्यक्षांनी तसा प्रस्ताव पाठवावा. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत दोन्ही सभागृहांनी संमती दिली नाही, तर पैसा सोडलाच पाहिजे. खर्च नुसता लांबवायचा असेल, तर तेही कळवावे, आणि आर्थिक वर्षापलीकडे नेऊ नये. यावर देखरेख महालेखापालांची. वेळ पडली तर त्यांना न्यायालयात जाता येते.

आता ती अणुभट्टी. टेनेसी राज्यात ओक रिजजवळ, क्लिंच नदीकाठी ती व्हायची होती. ही 'ब्रीडर' जातीची भट्टी. म्हणजे जेवढे जळण खाईल त्याहून अधिक नवे जळण तयार करील. हे नवे जळण म्हणजे प्लुटोनियम, आणि त्याचा बाँबही होतो! १९७४ साली आपल्याकडे पोखरणला स्फोट झाल्यावर अमेरिकेत ही धास्ती वाढली होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७७ साली ही भट्टी नको असे ठरवले आणि तिच्या खर्चाला हात आखडता घेतला.

त्यांची भीती खोटी नव्हती. पण महालेखापाल स्टाट्स यांनी मत दिले की, काँग्रेसने भट्टी उभारायला दिलेला पैसा ती मोडीत काढायला वापरणे कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये कार्टर यांनी या भट्टीला मान्यता देणारे विधेयक नाकारले; तो अधिकार मात्र त्यांना राज्यघटनेनेच दिलेला होता. तरी काँग्रेस दुसऱ्या विधेयकांतून पैसा देत राहिली, आणि काम रेंगाळत का होईना, चालू राहिले.

शेवट काय झाला? खर्चाचा अंदाज कित्येक पटींनी वाढला, आणि १९८३ साली सेनेटनेच आणखी पैसा द्यायला नकार दिला. भट्टी उभी राहिलीच नाही. पुढे १९८७ साली न्यायालयाच्या एका निकालाने हेही स्पष्ट झाले की, धोरण पटत नाही एवढ्यावरून राष्ट्राध्यक्षांना खर्च लांबवता येणार नाही.

आता कोणी म्हणेल, कार्टर यांना हवे होते तेच शेवटी झाले, मग एवढा खटाटोप कशाला? खटाटोप यासाठी की, ज्यांनी होकार दिला, नकारही त्यांनीच, उघड मतदान करून दिला. चांगल्या हेतूने पेटी बंद करणाऱ्याला आज मोकळीक दिली, तर उद्या वाईट हेतूने बंद करणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवायचे?