पोडापर्यंत पोचणारा पैसा

श्रोतेहो, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका आहे. नदी ओलांडली की तेलंगण लागते. या तालुक्यात कोलाम बांधवांच्या लहान लहान वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. आज आपल्याला सरकारी निधीविषयी बोलायचे आहे. पण सुरुवात हिशेबाच्या वहीपासून नको, पाण्याच्या घागरीपासून करू.

घागरीतले पाणी दिसायला नितळ असेल, चवीलाही बरे लागेल. तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. या तालुक्यात आणि शेजारच्या केळापूर, मारेगाव भागात काही विहिरींच्या व हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणाबाहेर आढळला आहे. एक लिटर पाण्यात तो दीड मिलिग्रॅमहून जास्त असता कामा नये. तसले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात; पुढे सांधे आखडतात, हाडे वाकतात. वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही. तुम्ही म्हणाल, पाणी उकळून पिऊ. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

मग उपाय काय? चांगल्या विहिरीचे पाणी नळाने आणावे, नाहीतर शुद्धीकरणाचा संच बसवावा. दोन्ही गोष्टी एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. सरकारी निधीचा आणि तुमच्या लेकराच्या हाडांचा संबंध येतो तो असा.

हा पैसा गावात कोणत्या वाटांनी येतो, ते पाहू. पहिली वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण भागाला दिलेल्या निधीत शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवले होते. दुसरी वाट पेसा कायद्याची. हा कायदा १९९६ चा. झरी जामणीतील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट द्यावा, असा निर्णय राज्य शासनाने २०१५ साली केला. त्याला अबंध निधी म्हणतात. अबंध म्हणजे कशासाठीही उधळायचा असा नव्हे, बरं का! ठरवून दिलेल्या विषयांत कोणते काम आधी घ्यावे, हे ग्रामसभेने ठरवायचे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. पाचशे लोकवस्तीच्या गावाला, आणि आदिवासी भागात अडीचशेच्या वस्तीला, रस्ता द्यायचा असे ठरले. आता एखाद्या पोडात दीडशेच माणसे असली तर? ते नियमाबाहेर राहिले. बाळंतीण अडली, पावसाळ्याचा चिखल झाला, की खाटेवर घालून नेण्यावाचून गत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोलामांसारख्या जमातींसाठी पीएम-जनमन हे अभियान सुरू झाले आणि ही अट शंभर वस्तीपर्यंत खाली आली. कागदावरचा एक आकडा बदलला आणि दीडशे माणसे हिशेबात आली!

पण मंडळी, निधी मंजूर झाला म्हणजे घागर भरली असे नाही. ग्रामपंचायत मोठ्या गावात, पोड दूर रानाकडे. सभेला पोडातले कोणी गेले नाही, तर त्यांची अडचण ठरावात येत नाही. आणि जी ठरावात नाही, ती आराखड्यात कोठून येणार? यासाठी २०१४ च्या पेसा नियमांत एक सोय आहे. पोडातील मतदारांना आपल्या वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळावी, असा ठराव करता येतो. मान्यता मिळाली की ग्रामसभाही आपली स्वतःची.

दुसरी उणीव काम झाल्यानंतरची. टाकी बांधली, नळ आले, उद्घाटनाचा नारळ फुटला. पुढे विजेचे बिल थकले, पंप जळला, आणि बायाबापड्या पुन्हा त्याच जुन्या हातपंपावर गेल्या. बांधायला सरकारचा पैसा मिळतो. चालू ठेवायला गावाची पाणीपट्टी लागते. घरटी थोडे थोडे निघाले नाहीत, तर लाखांचे काम मातीमोल होते.

येथे गुरुजींना एक विनंती आहे. शाळेच्या पाण्याची तपासणी झाली आहे का, ते विचारा. त्यात फ्लोराइड किती निघाले, तो आकडा फळ्यावर लिहा. वर्गातल्या मुलांचे दात पाहा. डाग दिसले तर आरोग्य केंद्राला कळवा आणि ती गोष्ट ग्रामसभेत मांडा. जमाखर्चाचा कागद ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा. आणि पोडात कोलामी बोलत असतील, तर मोठ्या मुलांकडून त्या बोलीत सांगवा.

आणि श्रोतेहो, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. यंदा गावाला किती रुपये आले? त्यांतले पाण्यावर किती खर्च झाले? आणि झालेले काम पुढे चालू कोण ठेवणार? उत्तरे मिळेपर्यंत खाली बसू नका. पैसा तुमचाच आहे आणि ते पाणी तुमचीच मुले पिणार आहेत.