पडद्यावरची चौकट

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एका लहानशा कोंबापासून सुरू होतो. या कोंबाला डॉक्टर पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप घातक नसतात, पण अ‍ॅडेनोमा या जातीतले काही पुढे कर्करोगाचे रूप घेतात आणि त्याला साधारणपणे दहा-एक वर्षे लागतात. एवढी मुदत देणारे कर्करोग फार थोडे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून पॉलिप काढला. पोट न उघडता कर्करोग टाळणे तेव्हापासून शक्य झाले.

पण काढायचा तर तो आधी दिसायला हवा, आणि सगळी अडचण तिथेच आहे. आतड्याचे अस्तर घड्याघड्यांचे असते. चपटे पॉलिप त्याच्या रंगात मिसळून जातात. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून पाहिलेल्या अभ्यासांत पहिल्या फेरीत सुमारे एक-चतुर्थांश अ‍ॅडेनोमा निसटल्याचे आढळले. कॅलिफोर्नियातल्या १३६ तज्ज्ञांनी केलेल्या तीन लाखांवर तपासण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखाद्या डॉक्टरला शंभरातल्या जेमतेम ७ रुग्णांत अ‍ॅडेनोमा सापडत होता, तर दुसऱ्या कुणाला ५२ जणांत. हे प्रमाण एका टक्क्याने वाढले, की तपासणीनंतरच्या काळात कर्करोग उद्भवण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसत होता. आपली तपासणी कोणाच्या हातून होते, यावर इतके अवलंबून असावे हे मला अस्वस्थ करते.

संगणकाची मदत आली ती या ठिकाणी. पॉलिप असलेली आणि नसलेली हजारो चित्रे दाखवून संगणकाला शिकवले जाते. मग तपासणी चालू असताना दुर्बिणीतून येणारे प्रत्येक दृश्य तो तपासतो आणि संशय आला की पडद्यावर त्या जागेभोवती चौकट उमटते. पॉलिप आहे की नुसता बुडबुडा, विष्ठेचा कण किंवा घडी, हे डॉक्टरच ठरवतात.

चीनमधल्या चेंगडू येथे १,०५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. नेहमीच्या तपासणीत २०.३ टक्के रुग्णांत अ‍ॅडेनोमा सापडला, संगणकासह २९.१ टक्क्यांत. मात्र चौकट पाहून डॉक्टर जास्त सावध होत असतील तर? ही शंका रास्त होती. म्हणून त्याच गटाने पुढच्या चाचणीत काही रुग्णांसाठी मुद्दाम खोटी यंत्रणा लावली. पॉलिपसारख्या दिसणाऱ्या, पण पॉलिप नसलेल्या जागांवर ती चौकटी दाखवत असे. तरीही खऱ्या यंत्रणेचे पारडे जड राहिले: ३४ टक्के विरुद्ध २८ टक्के. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःचेच यश तपासून पाहणारे संशोधन मला फार मोलाचे वाटते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्रणेला एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली. पण जास्तीचे सापडलेले पॉलिप बहुतांशी ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असतात आणि त्यांतले कितीतरी कधीच कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत. ते काढण्यात वेळ जातो, खर्च होतो आणि रुग्णाला पुढच्या तपासण्यांच्या चक्रात अडकावे लागते. या यंत्रणेमुळे कर्करोगाचे मृत्यू घटतात, असे अजून सिद्ध झालेले नाही.

पोलंडमधून २०२५ मध्ये आलेला अभ्यास तर थबकायला लावणारा आहे. चार केंद्रांत ही यंत्रणा आल्यानंतर, तिच्याविना झालेल्या तपासण्यांत अ‍ॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले. डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाच्या हातून दोन हजारांवर कोलोनोस्कोपी झालेल्या होत्या. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कारण ठामपणे सांगता येत नाही. तरी चौकटीची सवय झालेली नजर चौकटीविना सैलावत असेल, तर प्रशिक्षणाच्या काळातच यंत्राशिवाय पाहण्याचा सराव राखावा लागेल.

आपल्याकडे मात्र अनेक रुग्ण कोलोनोस्कोपीपर्यंत उशिरा पोहोचतात. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून घरगुती उपाय चालू राहतात, संकोचाने कुणाला सांगितले जात नाही. अशा रक्ताचे कारण डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवे. आणि तपासणी ठरलीच, तर पोट साफ करण्याच्या औषधात कुचराई नको. घडीमागचे किंवा मळाखाली दडलेले अस्तर कॅमेऱ्यासमोरच आले नाही, तर संगणक त्यावर चौकट काढणार कशी? म्हणून हे औषध दोन भागांत देतात: अर्धे आदल्या संध्याकाळी, उरलेले तपासणीच्या दिवशी काही तास आधी. पहाटे उठावे लागले तरी दुसरा भाग पूर्ण घ्यावा.