लघवीची नळी आणि जंतुसंसर्ग : नातेवाइकांनी काय पाहावे?

ऑपरेशननंतर किंवा आयसीयूमध्ये बऱ्याच रुग्णांना लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घातलेली असते. ही नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण काहींमध्ये जंतू मूत्रपिंडात किंवा रक्तात पोहोचतात. मग महागडी इंजेक्शने, वाढलेला मुक्काम आणि वयस्कर रुग्ण असेल तर जिवालाही धोका.

"डॉक्टर, नळी राहू द्या ना, रात्री उठवायला नको," असे नातेवाईक मला नेहमी म्हणतात. तुमची दमणूक मला कळते. पण निव्वळ सोयीसाठी नळी ठेवू नये. राउंडच्या वेळी रोज विचारा, "आज नळी काढता येईल का?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, आणि खरे सांगायचे तर धांदलीत आम्हा डॉक्टरांच्याही ते लक्षातून सुटते. बेडपॅन, युरिन पॉट, डायपर, पुरुषांसाठी बाहेरून लावायचे कंडोम कॅथेटर हे पर्याय आहेत. लघवी अडली असेल तर मात्र नळी लागतेच. ती स्वतः ओढून काढू नका. आत फुगवलेला फुगा असतो, जखम होईल.

नळी आहे तोवर पिशवीकडे लक्ष ठेवा. ती कायम कमरेच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात, तेव्हा साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. अशा वेळी बिनधास्त टोका. नळीला पीळ नको. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. पिशवी पूर्ण भरण्याआधी रिकामी करावी, प्रत्येक रुग्णासाठी वेगळे भांडे वापरावे, आधी आणि नंतर हात धुवावेत. बाहेरची जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ केली की पुरते.

संसर्ग होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देण्याचा आग्रह धरू नका. त्याने औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. नुसती गढूळ लघवी म्हणजेही संसर्ग नव्हे. थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणे, अचानक बरळणे यांपैकी काही दिसले तर लगेच सिस्टरना सांगा. तपासणीचा नमुना पिशवीतल्या साचलेल्या लघवीचा नसावा.